तिसऱ्या लहरीतला डाग

एप्रिलमध्ये अल्बुकर्कीत वारा सुटला की माणसं एकमेकांशी तुटक बोलायला लागतात. दाताखाली वाळू, पापणीत वाळू, आणि दिवसभर कुठेतरी एखादा पत्रा आपटत असतो. हेडी लिंडक्विस्टचं निम्म्याहून जास्त आयुष्य या गावात गेलं होतं, तरी या महिन्याची सवय काही तिला झाली नव्हती. झोप पुरी व्हायची नाही, घेतलेलं काम हातातून सुटायचं, आणि कुणी नुसतं "कशी आहेस" विचारलं तरी डोकं फिरायचं.

त्या सोमवारी ती सातलाच प्रयोगशाळेत आली. ऑरेलियो बाका तिच्याही आधी हजर होता. तिच्या टेबलावर हिरव्या मिरचीचा बरिटो चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेला होता.

"कोमाद्रे, आधी खाऊन घे," तो म्हणाला. "उपाशीपोटी तू चिपला शिव्या देतेस. चिप मी वाढवलेली असते. मला लागतं."

ऑरेलियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला हेडीने तिला हातात धरलं होतं. मुलीची धर्ममाता झालेली बाई तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत बापाचीही घरचीच होते, म्हणून गेली सत्तावीस वर्षं तो तिला कोमाद्रे म्हणत आला होता. नोकरी एकच, टेबलं समोरासमोर, आणि भांडणं रोजची.

हेडी डिटेक्टरची रचना करायची आणि ऑरेलियो तो वाढवायचा. धंद्यात शब्दच तो आहे, वाढवणं. एका पोलादी भांड्यातली हवा कणाकणाने काढून टाकायची आणि मग त्यात इंडियम, गॅलियम, आर्सेनिक, अँटिमनी यांचे थर एकावर एक चढवायचे, एकेक थर जेमतेम काही अणूंच्या जाडीचा. थर किती पातळ ठेवला त्यावर ठरायचं की चिपला कोणती अवरक्त लहर दिसणार, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेची किती लांब लहर दिसणार. हेडीची नवी चिप एकटी तीन लहरी बघायची. विजेचा दाब जरा बदलला की चिपवरचा तोच ठिपका आधी ज्वाळा बघायचा, मग तापलेल्या भिंती, आणि तिसऱ्या, सगळ्यात लांब लहरीत, माणसाच्या अंगाची साधी ऊब. धूर कितीही दाट असो, ऊब दिसायची.

धुरात बघणाऱ्या नव्या कॅमेऱ्यासाठी ही चिप घाईने हवी होती आणि त्या घाईचं कारण ग्रिसेल होती.

ग्रिसेल म्हणजे ऑरेलियोची तीच मुलगी. अग्निशमन दलात तिचं हे आठवं वर्ष. जानेवारीत फर्निचरच्या एका गोदामाला आग लागली तेव्हा आत एक रॅक तिच्या पायावर कोसळला आणि ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. न हलणाऱ्या जवानाच्या छातीवर वाजायचा भोंगा त्याच रॅकखाली चेपला होता. तिचा साथीदार व्हिटलॉक दारात उभा राहून दलाचा जुना कॅमेरा रोखून दीड मिनिट बघत होता. आणि जुन्या कॅमेऱ्यात एक युक्ती होती. चित्रात जे हलत नाही त्याला तो स्वतःच्या काचेवरचा दोष समजायचा आणि पुसून टाकायचा. त्यामुळे चित्र फार सुंदर यायचं. युक्ती हेडीची. तिला त्या वर्षी त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं.

ते रेकॉर्डिंग हेडीने एकदाच पाहिलं. पहिल्या काही सेकंदांत भिंतीपाशी ग्रिसेल स्पष्ट दिसत होती. मग आरशावरची वाफ जावी तशी ती हळूहळू गेली. व्हिटलॉकने मागे वळून सांगितलं, आत कुणी नाही. अकरा मिनिटांनी आत शिरलेला दुसराच एक जवान तिच्या पायाला अडखळला म्हणून ग्रिसेल वाचली.

ग्रिसेलने याबद्दल धर्ममातेला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर हेडीला बरं वाटलं असतं. आता जिल्ह्यातल्या एकतीस ठाण्यांमधले तेच जुने कॅमेरे काढायचे होते आणि नव्याची चाचणी शुक्रवारी होती. ती हुकली असती तर पुढचा अख्खा हिवाळा ग्रिसेल तोच आंधळा कॅमेरा घेऊन धुरात जाणार होती.

नव्यात ती युक्ती नव्हती. इथे दुरुस्ती फक्त फळ्यासमोर. चिपवर तीन लाख ठिपके, प्रत्येकाची नजर थोडी निराळी, म्हणून रोज सकाळी सगळ्यांना एकच गोष्ट दाखवायची: खोलीच्या टोकाला टांगलेला दाराएवढा काळा फळा, सगळीकडे सारखा कोमट केलेला. बटण दाबलं की कॅमेरा शिकायचा, हे म्हणजे कोरं. मग दिवसभर तो प्रत्येक चित्रातून तेवढं वजा करत राहायचा. बटण दाबताना मध्ये कुणी येता कामा नये. आलं तर तेही कोऱ्यात जमा होतं, आणि तो माणूस बाजूला झाला की त्याच्या जागी चित्रात थंड काळं भोक राहतं.

कंपनीचा मालक वेंडेल प्रुइट कॉफीचा पेला घेऊन नेमका मध्ये यायचा. मार्चमध्ये एकदा त्याच्या पोटाचं भोक सकाळभर पडद्यावर राहिलं होतं. "वेंडेल," ऑरेलियो म्हणाला होता, "जा बाबा, आपल्या भोकात जाऊन उभा राहा, चित्र सुधारेल." वेंडेल गेला, जरा पुढेमागे सरकला, आणि भोक खरंच भरलं. चित्र असं स्वच्छ झालं की तिथे कुणी उभं आहे असं वाटेना. सगळे पोट धरून हसले होते, वेंडेल धरून.

तर त्या सोमवारी हेडीने बरिटो अर्धा खाल्ला, फळ्यासमोरचं सामान हलवलं, बटण दाबलं आणि तिन्ही लहरी एकेक करून पाहिल्या. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीत डाव्या बाजूला खाली एक काळा डाग होता. गुडघे जवळ घेऊन बसलेल्या माणसाच्या आकाराचा. मान किंचित उजवीकडे कललेली.

"कोण बसलं होतं मध्ये?" ऑरेलियोने विचारलं.

"इथे तू आणि मीच आहोत."

"मी खाली बसलो तर उठवायला क्रेन लागते."

हेडीने पुन्हा बटण दाबलं. डाग पुसला जायला हवा होता. तो होता तिथेच राहिला.

याचा अर्थ सरळ होता आणि तो तिला नको होता. चिपचा दोष असता तर बटणासरशी गेला असता, कारण दुरुस्ती असते ती त्यासाठीच. राहिला, म्हणजे बटण दाबायच्या क्षणी समोर काहीतरी उबदार होतं आणि पुढच्या क्षणी नव्हतं. तिने अकरा वेळा दाबलं. अकरा वेळा ते होतं, आणि अकरा वेळा लगेच नव्हतं.

मंगळवारी तिने भिंग बदललं. मग चिप बदलली, ऑरेलियोने फेब्रुवारीत वाढवलेल्या निराळ्या चकतीतली. चिप थंड व्हायला वेळ लागतो, उणे दोनशेच्या आसपास न्यावी लागते, तेवढा वेळ दोघं कूलरची टिकटिक ऐकत बसले. बाहेर पत्रा आपटत होता. पडदा उजळला आणि नव्या चिपच्या तिसऱ्या लहरीत तोच डाग, त्याच जागी, त्याच मापाचा.

मग हेडीने फळाच बाद केला. भिंगावर घट्ट बसणारं एक काळं झाकण होतं, बाहेरगावी दुरुस्ती करायला वापरायचं. झाकण आणि काच यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नाही. तिने झाकण लावलं, बटण दाबलं, झाकण काढलं.

गुडघे जवळ. मान कललेली.

"झाकणाच्या आत माणूस मावत नाही," ती म्हणाली.

"नाही मावत," ऑरेलियो म्हणाला. विनोद करायची इतकी चांगली संधी त्याने सोडलेली तिने याआधी पाहिली नव्हती.

डाग किती काळा आहे ते तिने मोजलं. एवढी वजाबाकी व्हायला समोर बत्तीस अंशांचं काहीतरी असायला हवं होतं. अंगात कपडे असलेला माणूस साधारण तेवढाच भरतो. तिने आकडा कागदावर लिहिला, मग तो कागद घडी करून खिशात ठेवला.

बुधवारी सकाळी तिच्या लक्षात आलं की कपाटाकडे जाताना ऑरेलियो खोलीच्या डाव्या बाजूला वळसा घालून जातो. तिथे जमिनीवर काहीही नव्हतं. दोन दिवस तीही तेच करत होती.

दुपारी ग्रिसेल आली, बिस्कोचितोंचा डबा घेऊन. पाय अजून थोडा ओढत होती. आत वेंडेल फोनवर ओरडत होता म्हणून दोघी मागच्या पायऱ्यांवर बसल्या, भिंतीच्या आडोशाला.

"पपा म्हणतात तू कॅमेऱ्याशी भांडतेस."

"तुझे पपा पुष्कळ बोलतात."

"आज नाही बोलले. नुसतं 'आलीस का' म्हणाले. तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय." तिने एक बिस्किट मोडलं आणि अर्धं हेडीच्या हातावर ठेवलं. "शुक्रवारी कॅमेरा घेऊन मीच आत जाणार आहे. साहेबांना सांगून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"तुलाच कशाला? पाय बघ."

"मला आत जायचंच आहे, माद्रीना." धर्ममातेला ती लहानपणापासून माद्रीनाच म्हणायची. "एक सांगू? दलात बोलले नाही. बोलले असते तर मला खुर्चीत बसवून दर आठवड्याला प्रश्न विचारले असते. त्या अकरा मिनिटांत मी एकटी नव्हते."

हेडीने बिस्किट खाली ठेवलं.

"शेजारी कुणीतरी बसलं होतं. असं, गुडघे जवळ घेऊन. माझ्याकडे मान करून. मला वाटलं व्हिटलॉक. मी बाही धरून ठेवली होती त्याची. नंतर कळलं, व्हिटलॉक तर दारातच होता."

"काही बोलला तो?"

"नाही. पण ऊब होती त्याला. हसशील तू. चारी बाजूंनी आग, आणि मला एका माणसाची ऊब वेगळी कळत होती." ती स्वतःच हसली. "मला भीती वाटली नाही. भीती आता वाटते, घरी. घरी एकटं वाटतं."

डागाबद्दल हेडीने बाहेर कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि ऑरेलियोनेही नसणार. आपल्या मुलीला असलं काही सांगण्याआधी तो स्वतःची जीभ चावेल.

"आत चल," ती म्हणाली. "तुला एक दाखवायचंय."

पण दाखवायला काही राहिलं नव्हतं. पडद्यावर तिसरी लहर चालू होती, सकाळी केलेल्या दुरुस्तीसकट, कुणी काही हलवलेलं नव्हतं, आणि चित्र धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. वेंडेल पडद्यासमोर हात पसरून उभा होता.

"बघा. आपोआप गेला. मी म्हणत नव्हतो, चिप थंडावा धरायला वेळ घेते?"

"कधी गेला?" हेडीने विचारलं.

"आत्ताच. तुम्ही आत येत होता ना, तेव्हा."

ऑरेलियो कोपऱ्यात उभा होता. तो पडद्याकडे बघत नव्हता, मुलीकडे बघत होता.

"काय होतं दाखवायचं?" ग्रिसेलने विचारलं.

"काही नाही. तिसरी लहर. बघ, किती साफ येते."

वेंडेलने विचारलं, मग शुक्रवारचं नक्की ना? आणि हेडी हो म्हणाली. म्हणावंसं वाटत होतं म्हणून म्हणाली. या धंद्यात माणसं डाग दिसला की रात्रीचा दिवस करतात; चित्र स्वच्छ आलं की ते स्वच्छ का आलं असं कुणी विचारत नाही. ग्रिसेल निघून गेल्यावर पडद्याकडे पुन्हा एकदा बघून घ्यायला हवं होतं. एका मिनिटाचं काम. पण तोवर वेंडेलने कॅमेरा बंद करून पेटीत भरला होता, आणि पेटी उघड असं हेडीने त्याला सांगितलं नाही.

चाचणी पश्चिमेच्या माळावर होती, दलाच्या सराव-घरात. काँक्रीटची दुमजली इमारत, खिडक्यांना लोखंडी झडपा, आत धुराची यंत्रं. सकाळी नऊलाच वारा इतका होता की मांडलेल्या टेबलावरचा पडदा दोन दोऱ्यांनी बांधावा लागला. व्हिटलॉक आत कुठेतरी जमिनीवर पालथा पडून राहिला होता. अर्धा तास मुळीच हलायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. ती त्याने स्वतःच मागून घेतली होती म्हणे. जानेवारीनंतर तोही नीट झोपला नव्हता.

हेडीने भिंगावर झाकण लावलं, बटण दाबलं, झाकण काढलं. कॅमेरा मोकळ्या माळाकडे रोखलेला होता.

डाग परत आला होता.

"आता काय हे?" वेंडेल ओठांतल्या ओठांत म्हणाला. दलाचा प्रमुख चार पावलांवर उभा होता.

"असू दे की," ग्रिसेल म्हणाली. तिने तोंडाला मुखवटा चढवला, त्यामुळे पुढचं घुमल्यासारखं ऐकू आलं. "कोपऱ्यात तर आहे. मधलं सगळं दिसतंय."

तिने कॅमेरा उचलला आणि ती दाराकडे चालू लागली. ऑरेलियोने तिच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. बाहेरच्या पडद्यावर तिच्या हातातलं चित्र दिसत होतं: दार, मग दाराच्या आतला धूर, पहिल्या लहरीत नुसता राखाडी, तिसरीत जवळजवळ नाहीसा. आणि डावीकडे खाली तो काळा आकार. भिंगावरच्या डागासारखा तो चित्राबरोबरच फिरत होता, ती जिकडे वळेल तिकडे.

तिने उंबरा ओलांडला आणि डाग भरला.

हळूहळू पुसट झाला नाही. एका क्षणी होता, दुसऱ्या क्षणी नव्हता.

"झालं," वेंडेलने श्वास सोडला. "स्वच्छ."

आजूबाजूचे जवान पुढे सरकले. हेडी जागची हलली नाही. भोक आपोआप भरत नाही हे तिला माहीत होतं. जे वजा केलं तेच परत समोर आलं तर भरतं, आणि तेही नेमकं त्याच जागी बसलं तर.

ग्रिसेल डावीकडे वळली. भिंत, नळ, लोखंडी जिना. चित्र स्वच्छ.

ती उजवीकडे वळली. चित्र स्वच्छ.

ती खाली वाकली, पलंगाच्या सांगाड्याखाली पाहिलं, उठली, पुढच्या खोलीत गेली. एखादी वस्तू असती तर पहिल्या वळणालाच मागे राहिली असती आणि भोक पुन्हा उघडं पडलं असतं. ते उघडं पडलं नाही. म्हणजे ती वळली की तेही वळत होतं. तिच्या डाव्या हाताला, दोन पावलं पुढे, चालत्या माणसासमोर गुडघे जवळ घेऊन बसलेलं, आणि मान तिच्याकडे.

हेडीने हे कुणाला सांगायचं? पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

"सापडला," कुणीतरी म्हणालं.

जिन्यामागे व्हिटलॉक पालथा पडला होता. तिसऱ्या लहरीत त्याची पाठ, मान, दोन्ही तळहात. तो हलला नाही आणि पुसलाही गेला नाही. एक मिनिट चाळीस सेकंद तो चित्रात तसाच राहिला. जवानांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुखाने वेंडेलचा हात हातात घेतला.

हेडीने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला. "ग्रिसेल, बाहेर ये."

"का? अजून वरचा मजला आहे."

"बाहेर ये, बाळा."

"जरा थांबू दे ना इथे," ती म्हणाली. आवाज शांत होता, जेवण झाल्यावर टेबलाशी रेंगाळणाऱ्या माणसाचा. "बरं वाटतंय."

ऑरेलियोने हेडीच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतला. "पोरी," तो म्हणाला, "बाप सांगतोय. ये."

ती आली. आधी व्हिटलॉक, अंगावरची धूळ झटकत, मग ती. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं आणि मुखवटा काढला तर चेहरा घामाने डबडबलेला आणि मोकळा. जानेवारीनंतर असा चेहरा तिच्या बापाने पाहिला नव्हता. व्हिटलॉकने तिला मिठी मारली, तो रडत होता, आणि ती त्याची पाठ थोपटत होती. कॅमेरा तिने टेबलावर ठेवला, माळाकडे तोंड करून.

डाग परत दिसू लागला होता. समोर आता कुणी नव्हतं.

वेंडेलने कागद आणला, वाऱ्यात उडू नये म्हणून गाडीच्या बॉनेटवर तळहाताने दाबून धरला. एकतीस ठाणी, खाली हेडीच्या नावाची रेघ. "डाग आहे म्हणून लिही हवं तर," तो म्हणाला. "प्रमुख म्हणतात चालेल. काम तर चोख झालं."

काम चोखच झालं होतं. पुढच्या हिवाळ्यात कुणी धुरात निपचित पडलं तर ते सापडणार होतं. तिने हे यंत्र त्यासाठीच बनवलं होतं आणि ते खोटं बोललं नव्हतं, एकदाही नाही. आत चित्र फार स्वच्छ येतं अशी तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची ते तिला सुचेना. तिने सही केली.

ग्रिसेलने सगळं सामान आपल्या पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकलं, हेल्मेटसुद्धा, आणि आत बसून गाडी सुरू केली. ऑरेलियो तिच्या खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला. हेडी त्याच्या मागे येऊन थांबली. तिला पोरीला काहीतरी सांगायचं होतं, काय ते ठरत नव्हतं.

"रविवारी जेवायला येते," ग्रिसेल म्हणाली. "पोसोले कर, पपा. तांबडी मिरची घाल, मागच्या वेळेसारखी काटकसर नको."

"तुला कधी पुरलीय मिरची?"

"आणि माद्रीनालाही घेऊन ये. बघ कशी सुकलीय."

गाडीत काहीतरी बारीक वाजायला लागलं होतं. टुंग, टुंग, टुंग. बेल्ट न लावता कुणी सीटवर बसलं की वाजतं ते. ग्रिसेलचा सीटबेल्ट लावलेला होता. हेडीने खिडकीतून आत पाहिलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर काहीही नव्हतं. पिशवी नाही, जाकीट नाही, धुळीचा नुसता पातळ थर, आणि मध्यभागी गादी थोडी दबलेली.

"मोठ्या पातेल्यात कर," ग्रिसेल बापाला सांगत होती. बोलता बोलता तिने मान न वळवता उजवा हात लांब केला, त्या सीटवरचा बेल्ट ओढून आडवा घेतला आणि खटक्यात बसवला. वाजायचं थांबलं.